जुन्या डॉज पिकअपचे किकडाउन लिंकेज: घरच्या गॅरेजात ते नीट बसवण्याची रीत

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची १९७० च्या दशकातील डॉज पिकअप माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याबरोबर एक तक्रार आणि तीन निदाने आली. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती : "चढावर दम टाकते जी, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधेच मोकळी सुटते." निदाने तीन वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी केलेली होती. एकाच्या मते आतला बँड, म्हणजे फिरता ड्रम आवळून धरणारा पट्टा, गेला होता, दुसऱ्याच्या मते पंप कमजोर झाला होता, आणि तिसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून पुरता उघडण्याचा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. कधीतरी कार्बोरेटर साफ करताना कोणीतरी एका लांब सळीवरचा स्क्रू सैल केला होता आणि परत कसताना तो डोळ्यांच्या अंदाजाने कसला होता. कार्बोरेटरपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या त्या सळीची, म्हणजे किकडाउन लिंकेजची, गोष्ट या लेखात सांगायची आहे.

नागपूर आणि आसपासच्या भागात जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणारे लोक थोडे आहेत, आणि त्यांतही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पिकअप ट्रक त्याहून थोडे. त्यामुळे या कामाचा हात बसलेला मिस्त्री सहज मिळत नाही. ज्यांनी आजवर क्लच आणि साधा गिअरबॉक्स यांवरच काम केले आहे, पण आता अशी एखादी गाडी समोर आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. येथे सांगितलेली रीत क्रायस्लर कंपनीच्या टॉर्कफ्लाइट ७२७ या गिअरबॉक्सची आहे. टॉर्कफ्लाइट हे नाव १९५६ सालापासूनचे. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातील ७२७ हा प्रकार १९६२ साली आला आणि पुढे कित्येक वर्षे डॉजच्या पिकअपमध्ये बसत राहिला. इतर कंपन्यांच्या गिअरबॉक्सना ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. त्याविषयी शेवटी थोडे सांगितले आहे.

नावाने होणारा घोटाळा

'किकडाउन' या नावामुळे बहुतेकांची अशी समजूत होते की, ही सळी फक्त ओव्हरटेक करताना कामाला येते : पाय जोराने दाबला की गाडी खालच्या गिअरमध्ये उतरते, आणि सळी नसली तरी फार तर तेवढीच सोय जाते. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या काही गिअरबॉक्सच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी खरीही आहे. ७२७ च्या बाबतीत मात्र ती महागात पडते.

या गिअरबॉक्सला इंजिनावर किती भार आहे हे कळण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे ही सळी. कार्बोरेटरचा थ्रॉटल जितका उघडतो, तितका गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूचा छोटा लिव्हर मागे सरकतो. तो आतला थ्रॉटल व्हॉल्व्ह दाबतो आणि त्यामुळे ऑइलचा दाब वाढतो. या दाबावर दोन गोष्टी अवलंबून असतात. पहिली म्हणजे आतले क्लच आणि बँड किती घट्ट पकडतात. दुसरी म्हणजे गिअर केव्हा बदलतो. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नरकडून, म्हणजे वेगानुसार दाब देणाऱ्या भागाकडून, येणारा दाब वाढतो आणि तो वरचा गिअर मागतो. थ्रॉटलचा दाब त्याला अडवून खालचा गिअर धरून ठेवतो. या रस्सीखेचीत ज्याची सरशी होते, तो गिअर पडतो. किकडाउन हा त्याच खेळाचा शेवटचा डाव आहे : थ्रॉटलचा दाब इतका वाढतो की गव्हर्नर हरतो आणि गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरते.

सळी आखूड बसली असेल, तर पाय अर्धा दाबलेला असतानाही गिअरबॉक्सला तो पाव दाबल्यासारखा वाटतो. मग दाब कमी राहतो, गिअर फार लवकर आणि मऊ पडतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळे घुमते, आणि त्या प्रत्येक घुमण्यात क्लचच्या चकत्यांचे अस्तर थोडे थोडे जळते. सळी लांब बसली असेल, तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, आणि पाय जरा दाबला तरी गाडी खाली उतरते. हे त्रासदायक असले तरी त्याने गिअरबॉक्स लगेच जळत नाही. म्हणून अगदी नेमके साधत नसेल, तर चूक लांबीच्या बाजूने झालेली पत्करावी, आखूडपणाच्या बाजूने कधीही नाही. सळी काढून ठेवून गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत न्यावी असे कोणी सुचवले, तर ते मुळीच ऐकू नये. तेवढ्या अंतरातही पुढचा क्लच निकामी होऊ शकतो.

सळीला हात लावण्यापूर्वी

नव्या माणसाकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तक्रार ऐकताच स्क्रू सैल करणे. लिंकेज हे साखळीतले शेवटचे कडे आहे. त्याच्या आधीच्या कड्यांपैकी एकही बिघडलेले असेल, तर आज नेमके बसवलेले लिंकेज उद्या चुकीचे ठरते. त्यामुळे पुढील तपासणी, कंटाळा आला तरी, याच क्रमाने करावी.

सुरुवात ऑइलपासून करावी. गाडी वीसेक मिनिटे रस्त्यावर फिरवून गरम करावी, सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, ब्रेकवर पाय ठेवून निवडक लिव्हर (गिअर निवडण्याचा दांडा) प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबवत सगळीकडून फिरवून आणावा आणि शेवटी न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिन चालू असतानाच ऑइल मोजायची काडी काढून पुसावी, परत घालावी आणि पातळी पाहावी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : अनेक अमेरिकन गाड्यांत ही तपासणी पार्कमध्ये केली जाते, पण ७२७ मध्ये पार्कमध्ये टॉर्क कन्व्हर्टरकडे (साध्या क्लचच्या जागी असलेल्या, ऑइलवर चालणाऱ्या भागाकडे) ऑइल जात नाही आणि पातळी खोटी दिसते, म्हणून न्यूट्रलच. काडीवरील खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे अर्धा लिटरचा फरक असतो, त्यामुळे थोडे थोडेच घालावे. जास्त झालेले ऑइल आतील फिरत्या भागांनी घुसळले जाऊन त्याचा फेस होतो, आणि फेसाने दाब धरला जात नाही. ऑइल डेक्स्रॉन प्रकारचे असावे. साधे गिअर ऑइल चुकूनही घालू नये. काडीवरच्या ऑइलला करपट वास येत असेल आणि रंग लालऐवजी तपकिरी झाला असेल, तर आत काहीतरी जळले आहे, आणि सळी कितीही नीट बसवली तरी ते भरून येणार नाही.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे. प्लग, पॉइंट आणि टायमिंग ठीक असल्याची खात्री करून गरम इंजिनाची आयडल गती बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याला आणावी. ही गती लिंकेजच्या आधी बसली पाहिजे, कारण आयडलचा स्क्रू थ्रॉटलची बंद स्थितीच हलवतो. नंतर आयडल वाढवली, तर सळीही त्याबरोबर सरकली असे समजावे. चोकही पाहावा. थंड इंजिनावर चोक लागलेला असताना फास्ट आयडलची पायरी थ्रॉटलला किंचित उघडा धरते. त्या अवस्थेत सळी बसवली, तर इंजिन गरम झाल्यावर ती आखूड पडते. मे महिन्यात, जेव्हा नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा चोक लागतच नाही असे वाटते, पण पहाटे काम करणाऱ्याने तरीही झाकण उघडून खात्री करावी.

आता पेट्रोलविषयी थोडे विषयांतर. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरमधील रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा रबरी कप फुगतो किंवा कडक होतो, आणि पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते. हे अडखळणे पुष्कळदा किकडाउनचा दोष म्हणून सांगितले जाते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा आणि थ्रॉटल हाताने झटकन उघडावा; कार्बोरेटरच्या आत पेट्रोलची ठसठशीत धार दिसली नाही, तर दोष तेथेच आहे, आणि तो दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल किंवा तार किकडाउनच्या सळीपासून वेगळी असते, आणि तिची तपासणी आधी करावी लागते. इंजिन बंद असताना मदतनिसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगावे आणि स्वतः कार्बोरेटरच्या तोंडातून पाहावे. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उभी झाली पाहिजे. ती तिरपी राहत असेल, तर केबल ताणली गेली आहे, किंवा पेडलखाली कोणीतरी जाड मॅट टाकली आहे. दुसऱ्या कारणाला हसू नये. माझ्या अनुभवात केबलपेक्षा मॅटच अधिक वेळा सापडली आहे.

झीज शोधणे

कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत सळी एका ओळीत जात नाही. कार्बोरेटरवरील खुंटीपासून निघालेली वरची सळी इंजिनाच्या मागच्या बाजूला एका बेलक्रँकवर, म्हणजे ओढीची दिशा बदलणाऱ्या कोनी लिव्हरवर, येते. तेथून दुसरी सळी खाली गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत जाते. या मार्गात तीन-चार सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर थोडा प्ले (ढिलेपणा) असतो. चार ठिकाणचा एकेक मिलिमीटर एकत्र झाला, तर खाली लिव्हरवर चार मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एवढ्या लहान लिव्हरवर चार मिलिमीटर म्हणजे पुष्कळ.

म्हणून प्रत्येक सांधा बोटांनी हलवून पाहावा. बेलक्रँकचे बुश बहुधा सर्वांत आधी झिजते. अमेरिकेतून मागवायचे म्हटले, तर पाठवणीचा खर्च मालाच्या कितीतरी पट होतो. हिंगणा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या लेथवर पितळेचे किंवा नायलॉनचे बुश मोजमाप देऊन करून घेता येते. मोजमाप घेताना झिजलेल्या बुशचे घेऊ नये. खुंटी आणि बेलक्रँकचे छिद्र यांचे घ्यावे. सळ्यांच्या टोकांच्या चापक्लिपा आणि स्प्लिट पिना नव्या घालाव्यात. वरच्या सळीच्या पुढच्या टोकाला जी लांबट खाच असते, तिच्या मागच्या कडेला खुंटी घासून घासून खड्डा पडलेला असतो. तो खोल असेल, तर वेल्डिंग भरून कानसने सपाट करावा.

नव्या माणसाला न सुचणारे एक ठिकाण म्हणजे इंजिनाचे माउंट. रबर तुटलेले असेल, तर रेस दिल्यावर इंजिन एका बाजूला उचलले जाते, आणि त्यावर बसलेला कार्बोरेटर लिंकेजला आपल्याबरोबर खेचतो. उभ्या गाडीत बिनचूक बसवलेली सळी चढावर चुकीची का वागते, याचे उत्तर कधी कधी येथे सापडते. बॉनेट उघडे ठेवून, ब्रेक दाबून, ड्राइव्हमध्ये हलकीशी रेस दिली आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून पाहिले, की लगेच कळते. गाडीच्या समोर मात्र कोणीही उभे राहू नये.

सगळे सांधे रॉकेलने धुऊन पुसावेत आणि पातळ ऑइलचे एकेक थेंब द्यावेत. जाड ग्रीस लावण्याचा मोह टाळावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धूळ त्यावर चिकटते आणि दोन महिन्यांत तेथे सँडपेपर तयार होतो.

प्रत्यक्ष बसवणी

गाडी सपाट आणि पक्क्या फरशीवर घ्यावी. मागच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत, पुढची बाजू जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर ठेवावी, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. इंजिन गरम असले पाहिजे, पण चालू नको. सायलेन्सरचा पाइप डाव्या हाताला अगदी जवळ असतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

गिअरबॉक्सच्या डाव्या कुशीवर एकाच आसावर दोन लिव्हर दिसतील. त्यातील एक निवडक लिव्हरचा असतो, दुसरा थ्रॉटलचा. कोणता कोणता याचा घोळ होऊ नये म्हणून मदतनिसाला पेडल हळूच दाबायला सांगावे. जो हलतो, तो आपला. रेस वाढली की तो मागे, म्हणजे मागच्या चाकांच्या दिशेने, जातो आणि पाय काढला की पुढे येतो.

आता सळीवर सरकणारा स्विव्हेल, म्हणजे सळी पकडणारा फिरता सांधा, शोधावा. १९७० च्या दशकातील बहुतेक पिकअपमध्ये सळीचे एक टोक या स्विव्हेलमधून आरपार जाते आणि एका लहान लॉक स्क्रूने पकडलेले असते. हा स्क्रू सैल करावा. स्क्रू सैल होताच सळी स्विव्हेलमधून आपोआप सरकली पाहिजे. येथे बरेच जण थांबत नाहीत, पण थांबायला हवे : सळीवर जुन्या स्क्रूचे वण, गंज किंवा रंग असेल तर ती मध्येच अडकते, आपल्याला ती योग्य जागी आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात ती तीन मिलिमीटर अलीकडे असते. म्हणून सळी बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, स्विव्हेलही साफ करावा आणि पुन्हा जोडावे.

कार्बोरेटर पूर्ण आयडलवर, चोक पूर्ण उघडा आणि फास्ट आयडलची पायरी खाली, हे वर जाऊन एकदा पुन्हा पाहावे. मग खाली येऊन गिअरबॉक्सचा थ्रॉटल लिव्हर बोटाने पुढे दाबावा. तो आतल्या थांब्याला टेकेपर्यंत न्यावा आणि तसाच घट्ट धरून ठेवावा. त्याच स्थितीत लॉक स्क्रू कसावा. कारखान्याच्या पुस्तिकेत हा कस १०० इंच-पौंड, म्हणजे सुमारे ११ न्यूटन-मीटर दिलेला आहे. टॉर्क रेंच नसेल, तर छोट्या पान्याने एका मनगटाचा जोर पुरे. लांब पान्याने कसल्यास स्क्रूचे आटे जातात. लिंकेजमधला उरलासुरला प्ले आत बसवलेली स्प्रिंग काढून घेते. त्याची चिंता करू नये.

एकट्याने काम करणाऱ्याची अडचण अशी की, एका हाताने लिव्हर पुढे धरायचा, दुसऱ्याने पाना चालवायचा आणि दिवाही धरायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हरला बांधावी आणि पुढे क्रॉसमेंबरला ताणून अडकवावी. लिव्हर स्वतःहून थांब्याला टेकून राहतो. ट्यूब काढायला मात्र विसरू नये. मी एकदा विसरलो होतो, आणि पहिल्या ट्रायलमध्ये किकडाउन का होत नाही याचा विचार करत अर्धा तास गाडीखाली पडून होतो.

साठच्या दशकातील गाड्यांत सरकता स्विव्हेल नसतो. त्यांत आटे असलेले टोक फिरवून सळीची लांबी बदलावी लागते, आणि बेलक्रँकला स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या छिद्रातून ३/१६ इंचाची सळी घालायची रीत होती. तत्त्व मात्र तेच राहते : खालचा लिव्हर पूर्ण पुढे असताना वरच्या खाचेची मागची कड कार्बोरेटरच्या खुंटीला नुसती टेकलेली असावी, तिने खुंटीला ढकलू नये आणि तिच्यापासून दूरही राहू नये.

कसून झाल्यावर सळी हाताने मागे ओढावी आणि हळूहळू सोडावी. ती अखेरपर्यंत, कोठेही न अडता, परत पुढे आली पाहिजे. शेवटच्या मिलिमीटरात ती रेंगाळत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा कोठेतरी वाकलेली सळी कवचाला घासते आहे. त्यानंतर मदतनिसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगून खालच्या लिव्हरकडे पाहावे. पाकळी पूर्ण उभी होईपर्यंत लिव्हर जवळजवळ आपल्या मागच्या टोकाला पोहोचलेला असावा. पण तो आधीच टोकाला पोहोचून थ्रॉटलला अडवत असेल, तर कोठेतरी मापच चुकले आहे.

ते माप बहुधा बदललेल्या कार्बोरेटरमुळे चुकते. मूळ कार्बोरेटर काढून दुसऱ्या कंपनीचा चार तोंडांचा कार्बोरेटर बसवला असेल, तर त्याच्या लिव्हरवरची खुंटी थ्रॉटलच्या आसापासून वेगळ्या अंतरावर असते. आयडलला सगळे नेमके दिसते, पण अर्ध्या थ्रॉटलला खालचा लिव्हर जितका मागे जायला हवा, तितका जात नाही. अशा वेळी सळी कितीही पुढे-मागे केली, तरी दोन्ही टोके एकाच वेळी जुळत नाहीत. मूळ कार्बोरेटरच्या खुंटीचे आसापासूनचे अंतर मोजून तेवढ्याच अंतरावर खुंटी असलेला जोड तुकडा लावणे हाच खरा उपाय आहे.

रस्त्यावरची परीक्षा

शहरातल्या वाहतुकीत ही परीक्षा होत नाही. पहाटेच्या वेळी बाह्य वळण रस्त्याचा मोकळा भाग सोयीचा असतो. हलक्या पायाने निघावे. पहिल्यातून दुसरा गिअर साधारण १५ ते २५ किलोमीटर वेगाच्या दरम्यान, आणि तिसरा ३५ च्या आत पडला पाहिजे. मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरानुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. बदल जाणवावा, पण त्याचा झटका बसू नये. मग मध्यम रेसवर पुन्हा पाहावे. गिअर आता उशिरा आणि थोडे अधिक घट्ट पडले पाहिजेत. दोन्ही वेळी ते एकाच वेगाला पडत असतील, तर सळीतून गिअरबॉक्सला काही कळतच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

सर्वांत जास्त लक्ष दुसऱ्या-तिसऱ्याच्या बदलाकडे द्यावे. तेथे इंजिनाचा आवाज क्षणभर वर गेला आणि मग गाडीने पकड घेतली, तर सळी अजून आखूड आहे. लगेच परतावे, त्या अवस्थेत आणखी ट्रायल मारू नये. घरी येऊन लिव्हर थांब्यापासून एक मिलिमीटर मागे धरून स्क्रू कसावा आणि पुन्हा पाहावे. दोन मिलिमीटरच्या पुढे जावे लागले, तर सळीत दोष नाही. ऑइल, बँड किंवा आतला दाब यांकडे वळावे.

किकडाउनसाठी रस्ता पुढे-मागे मोकळा आहे याची खात्री करून, तिसऱ्या गिअरमध्ये ५० ते ६० च्या वेगाला पेडल तळापर्यंत दाबावे. गाडी ताबडतोब दुसऱ्यात उतरली पाहिजे. हे नीट झाल्यावर, जमल्यास, रामटेकच्या गडाच्या चढावर एकदा गाडी नेऊन पाहावी. तेथे थोड्या रेसवर खाली उतरणे आणि चढ संपताच परत वर जाणे या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत दिसतात. चढाच्या मध्ये गाडी दोन गिअरमध्ये सारखी वर-खाली करू लागली, तर सळी किंचित लांब झाली आहे. अर्धा मिलिमीटर कमी केले की बहुधा थांबते.

ज्यांच्याकडे दाबाचा मीटर आहे, त्यांना अंदाजावर विसंबायची गरज नाही. मुख्य दाबाच्या छिद्रावर मीटर लावून, मागची चाके उचललेली आणि गाडी पक्क्या स्टँडवर असताना, निवडक लिव्हर '१' मध्ये आणि इंजिन १,००० फेऱ्यांवर ठेवून थ्रॉटल लिव्हर पूर्ण पुढे असताना दाब ५४ ते ६० पौंड प्रति चौरस इंच दिसावा, आणि लिव्हर मागे नेता नेता तो ९० ते ९६ पर्यंत चढावा. या चाचणीसाठी सळी गिअरबॉक्सच्या लिव्हरपासून सोडवून घ्यावी लागते, त्यामुळे नंतरची बसवणी पुन्हा करावी लागेल. दाब वाढतच नसेल, तर आतला थ्रॉटल व्हॉल्व्ह अडकला आहे. आतल्या थ्रॉटल दाबाचा स्क्रू पॅन काढल्यावर दिसतो, पण मोजमापाच्या खास ठोकळ्याशिवाय त्याला हात लावू नये.

सळी निर्दोष ठरली आणि तरीही दुसऱ्या गिअरची पकड ढिली वाटत असेल, तर किकडाउन बँड पाहावा. दुसऱ्या गिअरमध्ये पकडणारा बँड हाच, आणि त्याचा स्क्रू कवचाच्या डाव्या बाजूला बाहेरच असतो. लॉक नट सैल करून स्क्रू पाचेक फेरे मोकळा करावा, मग ७२ इंच-पौंडांना, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटरला, कसावा आणि तेथून मोजून मागे फिरवावा. किती फेरे, यात इंजिन आणि सालानुसार फरक असल्याने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच घ्यावा. नट कसताना स्क्रू फिरू नये.

दुसऱ्या गिअरबॉक्सची गाडी असेल तर

आपल्या गाडीत ७२७ आहे की नाही, हे आधी पाहावे. फोर्डच्या सी ६ आणि जनरल मोटर्सच्या टर्बो ३५० मध्ये इंजिनाचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरकडून, म्हणजे इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या डबीकडून, कळतो. त्यांतील सळी किंवा केबल जबरदस्तीने गिअर खाली उतरवण्यापुरतीच असते. तेथे गिअर लवकर-उशिरा पडत असतील, तर आधी मॉड्युलेटरची रबरी नळी फाटली आहे का ते पाहावे. टर्बो ४०० मध्ये सळीच नसते. पेडलजवळचा विजेचा स्विच ते काम करतो. याउलट जनरल मोटर्सच्या १९८२ पासूनच्या ७०० आर ४ मधील टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल आणि फोर्डच्या १९८० पासूनच्या एओडीमधील टीव्ही सळी या ७२७ सारख्याच, किंबहुना त्याहूनही नाजूक असतात. त्या चुकीच्या बसवून चालवल्यास गिअरबॉक्स थोड्याच काळात जातो. त्यांची बसवणी वेगळी आहे, आणि वर दिलेली माहिती त्यांना लावू नये.

सगळे जुळल्यावर स्विव्हेल आणि सळी यांच्यावरून ब्रशने पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पाचशे किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक वेळी कार्बोरेटर किंवा आयडलला हात लागल्यावर ती रेघ पाहावी. रेघेचे दोन तुकडे झालेले दिसले, तर स्क्रू सरकला आहे, आणि तिसऱ्या गिअरची वाट न पाहता गाडी परत स्टँडवर घ्यावी.